लॉजिकल व्हॉल्यूम आणि बिघडलेली हार्ड डिस्क : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लिनक्सवर एलव्हीएम (लॉजिकल व्हॉल्यूम मॅनेजर) वापरणाऱ्यांची एखादी डिस्क दगावली की जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते येथे एकत्र केले आहेत. आपला सर्व्हर या क्षणी अडकलेला असेल तर आधी प्रश्न २ वाचावा आणि मगच बाकीचे.

१. एलव्हीएम म्हणजे नेमके काय, आणि डिस्क बिघडल्यावर त्याचा संबंध कुठे येतो?

एलव्हीएम हा डिस्क आणि फाइल सिस्टीम यांच्या मधला जागावाटपाचा थर आहे. हाइन्झ माउएल्सहागेन यांनी १९९८ मध्ये एचपी-यूएक्समधल्या व्यवस्थेच्या धर्तीवर तो लिनक्ससाठी लिहिला. आज वापरात असते ती त्याची दुसरी आवृत्ती, आणि ती कर्नेलमधल्या डिव्हाइस मॅपरवर चालते. आपण डिस्क किंवा पार्टिशन एलव्हीएमच्या ताब्यात दिले की ते फिजिकल व्हॉल्यूम होते, असे एक किंवा अनेक मिळून व्हॉल्यूम ग्रुप होतो आणि त्या ग्रुपमधून हवी तेवढी जागा कापून लॉजिकल व्हॉल्यूम तयार होतात. वाटप एक्स्टेंटच्या मापाने होते आणि नेहमीचे माप ४ एमबी असते, म्हणजे २ टीबीच्या एका डिस्कवर सुमारे ४ लाख ७७ हजार एक्स्टेंट बसतात.

कोणता एक्स्टेंट कोणाचा याची नोंद म्हणजे मेटाडेटा. त्याला सातबारा समजावे. सातबारा हरवला म्हणून जमीन वाहून जात नाही, आणि जमीन वाहून गेली तर सातबाऱ्याची नवी नक्कल काढून ती परत येत नाही. डेटा परत मिळवण्याच्या प्रत्येक प्रसंगात आपले यांपैकी काय गेले आहे, हे आधी ठरवावे लागते; बहुतेक चुका या दोन्हींची गल्लत झाल्याने होतात.

२. डिस्क बिघडल्याचे आत्ताच लक्षात आले. सर्वांत आधी काय करावे?

त्या डिस्कवर होणारे लेखन थांबवावे. चालू सेवा बंद कराव्यात, फाइल सिस्टीम अनमाउंट करावी आणि डिस्कमधून टक्-टक् किंवा खरखर असा आवाज येत असेल तर मशीनच बंद करावे. पुन्हा पुन्हा रीबूट करून पाहू नये, कारण प्रत्येक बूटच्या वेळी फाइल सिस्टीमचे जर्नल (बदलांची नोंदवही) लिहिले जाते आणि काही वितरणांत दुरुस्तीची तपासणी आपोआप सुरू होते. पुढचे काम पेन ड्राइव्हवरच्या लाइव्ह लिनक्सवरून करावे.

‘फक्त वाचण्यासाठी माउंट केले आहे, मग काय बिघडणार?’ असे अनेक जण लिहितात. हा भरवसा चुकीचा आहे. ईएक्सटी४ प्रकारची फाइल सिस्टीम नुसती ‘आरओ’ (फक्त वाचन) पर्यायाने माउंट केली तरी तिचे अर्धवट राहिलेले जर्नल डिस्कवर उतरवले जाते. ते टाळण्यासाठी ईएक्सटी४ करिता ‘नोलोड’ आणि एक्सएफएस करिता ‘नोरिकव्हरी’ हा पर्याय सोबत द्यावा लागतो. त्याही आधी ‘ब्लॉकडेव्ह’ कमांडने संपूर्ण डिस्कवर ‘सेटआरओ’ लावून ठेवले तर अधिक चांगले.

३. डिस्क खरोखर बिघडली आहे की फक्त एलव्हीएमची नोंद हरवली आहे, हे कसे ओळखावे?

‘एलएसबीएलके’ चालवून डिस्क दिसते का आणि तिचे आकारमान बरोबर आहे का, ते पाहावे. डिस्क दिसतच नसेल किंवा शून्य आकाराची दिसत असेल तर बिघाड यंत्राचा आहे. मात्र केबल आणि वीजजोडणी बदलून एकदा खात्री करावी. डिस्क दिसत असेल तर ‘स्मार्टसीटीएल’ या डिस्कची तब्येत सांगणाऱ्या कमांडच्या यादीतले ५, १९७ आणि १९८ या क्रमांकांचे आकडे पाहावेत. ते अनुक्रमे बदलून दिलेले, वाचायचे रखडलेले आणि दुरुस्त न होणारे सेक्टर सांगतात. १९७ चा आकडा दर तपासणीला वाढत असेल तर त्या डिस्कवर इतर कोणतेही काम न करता लगेच प्रत काढायला घ्यावी (प्रश्न ५).

आकारमान बरोबर आहे, वाचनात त्रुटी नाहीत, पण ‘पीव्हीएस’ने दाखवलेल्या फिजिकल व्हॉल्यूमच्या यादीत डिस्कच नाही किंवा तिच्या जागी ‘अननोन’ लिहून येते, तर बहुधा लेबल (डिस्क एलव्हीएमची असल्याची खूण) किंवा मेटाडेटा पुसला गेला आहे. नवीन पार्टिशन टेबल लिहिणे, चुकीच्या डिस्कवर दुसरी सिस्टीम बसवायला सुरुवात करणे ही त्याची नेहमीची कारणे. जमीन जागेवर असल्याने अशा प्रकरणात बहुधा यश येते (प्रश्न ७ आणि ८).

४. ग्रुपमध्ये तीन डिस्क होत्या, त्यांतली एक गेली. सगळेच गेले का?

हे लॉजिकल व्हॉल्यूम कसा मांडला होता यावर अवलंबून आहे. लॉजिकल व्हॉल्यूमची यादी देणाऱ्या ‘एलव्हीएस’ला ‘डिव्हाइसेस’ हा स्तंभ जोडून पाहिले की कोणता व्हॉल्यूम कोणत्या डिस्कवर आहे ते समजते. जो व्हॉल्यूम पूर्णपणे शाबूत डिस्कवर आहे त्याला काहीही झालेले नाही. ग्रुप अपुरा असला तरी तो सुरू होतो. जो सलग मांडणीचा व्हॉल्यूम एका डिस्कवरून दुसऱ्या डिस्कवर सांडला आहे त्याचा उरलेला भाग वाचता येतो, फक्त मधला किंवा शेवटचा तुकडा नसतो. पट्ट्यांच्या मांडणीचा, म्हणजे डेटाचे तुकडे आळीपाळीने सगळ्या डिस्कवर टाकणारा व्हॉल्यूम मात्र जवळजवळ हातचा जातो. तेथे पट्ट्याचा नेहमीचा आकार ६४ केबी असतो, त्यामुळे तीन डिस्कवर पसरलेल्या व्हॉल्यूममध्ये दर तीन पट्ट्यांतला एक नाहीसा होतो आणि एका पट्ट्यात मावणाऱ्या बारीकसारीक फाइली सोडल्या तर काही सलग उरत नाही. वेगासाठी ही मांडणी निवडणाऱ्यांनी हा व्यवहार डोळे उघडे ठेवून करावा, असे मला कळकळीने सांगावेसे वाटते. रेडची मांडणी (एक डिस्क गेली तरी डेटा टिकावा अशी अनेक डिस्कची रचना) असेल तर प्रश्न १२ पाहावा.

५. बिघडत चाललेल्या डिस्कची प्रत कशी काढावी?

साधी ‘डीडी’ कमांड त्रुटी येताच थांबते आणि त्रुटी ओलांडायला सांगितले तरी कोणता भाग राहिला याची नोंद ठेवत नाही. म्हणून ग्नू ‘डीडीरेस्क्यू’ वापरावे. मूळ डिस्कइतकी किंवा तिच्याहून मोठी चांगली डिस्क घ्यावी, कमांडमध्ये मूळ डिस्कचे नाव आधी द्यावे, प्रतीचे नंतर आणि तिसऱ्या जागी नोंदीच्या फाइलचे. हा क्रम उलटा झाला तर रिकामी डिस्क भरलेल्या डिस्कवर उतरते, त्यामुळे एंटर दाबण्यापूर्वी दोन्ही डिस्कचे सिरियल क्रमांक कागदावर लिहून ताडून पाहावेत. पहिल्या फेरीत ‘एन’ पर्याय देऊन सहज वाचता येणारा भाग आधी उचलावा. दुसऱ्या फेरीत ‘डी’ आणि ‘आर’ पर्यायांनी तीन प्रयत्न देऊन अडलेल्या जागा खरवडाव्यात. नोंदीची फाइल तीच ठेवली तर मध्येच वीज गेली किंवा डिस्क तापली म्हणून थांबावे लागले, तरी काम जेथे थांबले तेथूनच पुढे सुरू होते.

एका संस्थेच्या स्कॅन केलेल्या जुन्या अंकांची डिस्क मी अशा रीतीने तीन रात्री चालवली होती. पहिल्या रात्रीत जवळजवळ सगळे आले. पुढच्या दोन रात्री पडद्यावरचा न वाचलेल्या भागाचा आकडा काही केबींनी कमी व्हायचा, पुन्हा तासभर हलायचा नाही, डिस्कमधून एक बारीक ‘चिक्’ असा आवाज यायचा आणि मग आणखी चार केबी. शेवटी जो भाग राहिला तो एका रिकाम्या व्हॉल्यूमच्या हद्दीत निघाला. मेटाडेटा हाताशी असता तर हे पहिल्या सकाळीच कळले असते आणि डिस्कला दोन रात्रींचा ताण दिला नसता. म्हणून खरवडायला लागण्यापूर्वी नकाशा वाचून घ्यावा.

‘पीव्हीमूव्ह’ या एलव्हीएमच्या कमांडने डेटा दुसऱ्या डिस्कवर हलवू का, असेही विचारले जाते. डिस्कने नुसता इशारा दिला असेल आणि वाचनात एकही त्रुटी नसेल तरच ते ठीक आहे. त्रुटी सुरू झाल्यानंतर ‘पीव्हीमूव्ह’ मध्येच अडकते, आणि त्या अवस्थेतून सुटणे मूळ बिघाडाहून किचकट असते.

६. प्रत जोडल्यावर एलव्हीएम ‘दुहेरी फिजिकल व्हॉल्यूम’ अशी तक्रार करते. काय चुकले?

काही चुकलेले नाही. प्रत्येक फिजिकल व्हॉल्यूमला ३२ अक्षरांचा युयुआयडी (स्वतंत्र ओळखचिन्ह) असतो आणि प्रतीत तोही जसाच्या तसा उतरतो. मूळ डिस्क आणि प्रत एकाच वेळी जोडलेल्या असतील तर एलव्हीएमला खरी कोणती ते ठरवता येत नाही. मूळ डिस्क काढून, चिठ्ठी लावून कपाटात ठेवावी आणि प्रतीवरच काम करावे. दोन्ही जोडणे अगदीच भाग असेल तर ‘व्हीजीइम्पोर्टक्लोन’ प्रतीला नवा युयुआयडी आणि नवे नाव देते. मात्र ती प्रतीवर लेखन करते आणि जुन्या मेटाडेटाशी तिचा मेळ त्यानंतर बसत नाही.

७. लेबल आणि मेटाडेटा पुसले गेले आहेत, डेटा शाबूत आहे. नकाशा परत कसा बसवावा?

व्हॉल्यूम ग्रुपमध्ये बदल झाला की एलव्हीएम मेटाडेटाची साधी मजकुरी प्रत ‘/इटीसी/एलव्हीएम/बॅकअप’ मध्ये ठेवते आणि आधीच्या प्रती ‘/इटीसी/एलव्हीएम/आर्काइव्ह’ मध्ये साठवते. नेहमीच्या मांडणीत त्या निदान ३० दिवस आणि निदान १० इतक्या राखल्या जातात. मेटाडेटा परत बसवणाऱ्या ‘व्हीजीसीएफजीरिस्टोर’ कमांडला ‘लिस्ट’ पर्याय दिला की त्यांची यादी तारखेसह येते आणि प्रत्येक नोंदीत ती कोणत्या कमांडच्या आधी किंवा नंतर बनली तेही लिहिलेले असते.

योग्य फाइल निवडून तिच्यातून हरवलेल्या फिजिकल व्हॉल्यूमचा युयुआयडी उचलावा. मग ‘पीव्हीक्रिएट’ला ‘युयुआयडी’ आणि ‘रिस्टोअरफाइल’ हे दोन्ही पर्याय देऊन लेबल पुन्हा लिहावे. दुसरा पर्याय विसरू नये, कारण डेटा नेमका कोठून सुरू होतो हे एलव्हीएम त्या फाइलमधूनच घेते आणि त्यामुळे डेटाच्या जागेवर लेखन होत नाही. त्यानंतर ‘व्हीजीसीएफजीरिस्टोर’ त्याच फाइलने चालवावे. या दोन्ही कमांडांना ‘टेस्ट’ पर्याय आहे. आधी तो देऊन पाहावा. हे सारे प्रतीवर करावे, मूळ डिस्कवर नाही.

नवी कोरी डिस्क घेऊन तिला जुना युयुआयडी दिला तरी ग्रुप पूर्ण झालेला दिसतो आणि व्हॉल्यूम सुरू होतात. ते पाहून डेटा परत आला असे समजू नये. सातबाऱ्यावर नाव आले, जमीन कोरीच आहे.

८. पण ‘/इटीसी’ फोल्डरच त्या डिस्कवर होते! मग?

तरीही मार्ग आहे. मेटाडेटा प्रत्येक फिजिकल व्हॉल्यूमच्या सुरुवातीच्या सुमारे १ एमबी जागेत मजकूर म्हणून लिहिलेला असतो, आणि मुद्दाम बंद केले नसेल तर ग्रुपमधल्या प्रत्येक डिस्कवर संपूर्ण ग्रुपची नोंद असते. म्हणजे तीनपैकी एक डिस्क वाचता आली तरी तिघींचा नकाशा हाती येतो. त्या जागेत नोंदी गोलाकार लिहिल्या जातात, त्यामुळे जुन्या आवृत्त्याही बऱ्याचदा शिल्लक असतात. ‘पीव्हीसीके’ला ‘डंप’ पर्याय देऊन त्या शोधता येतात. जुन्या प्रणालीवर पहिला १ एमबी फाइलमध्ये काढून मजकूर संपादकात उघडला तरी चालते. अनेक आवृत्त्या दिसल्या तर ‘सेकनो’ हा अनुक्रमांक सर्वांत मोठा असलेली ताजी समजावी.

मजकूर हाती आला की एलव्हीएम नसतानाही हिशेब करता येतो. समजा नोंदीत ‘पीई स्टार्ट’ २०४८, ‘एक्स्टेंट साइज’ ८१९२ आणि आपला व्हॉल्यूम २५६०० व्या एक्स्टेंटपासून सुरू होतो असे लिहिले आहे. हे आकडे ५१२ बाइटच्या सेक्टरमध्ये असतात. २५६०० गुणिले ८१९२ म्हणजे २०,९७,१५,२००. त्यात २०४८ मिळवले की २०,९७,१७,२४८. व्हॉल्यूमचा पहिला सेक्टर डिस्कवर नेमका तेथे आहे, आणि तेवढाच भाग ‘डीएमसेटअप’च्या सलग जोडणीने फक्त वाचण्यापुरता उघडता येतो. सगळी साधने हात टेकतात तेव्हा हा साधा गुणाकार कामी येतो.

९. गेलेली डिस्क परत येणार नाही. उरलेल्या भागातून फाइली कशा काढाव्यात?

‘व्हीजीचेंज’ने ग्रुप सुरू करताना सक्रियतेची पद्धत ‘पार्शल’ ठेवावी. नेहमीची पद्धत ‘डिग्रेडेड’ असते आणि ती अपुरे सलग व्हॉल्यूम सुरू करण्यास नकार देते. पार्शल पद्धतीत हरवलेल्या भागाच्या जागी वाचायला गेल्यास त्रुटी देणारा तुकडा बसवला जातो. मग प्रश्न २ मध्ये दिलेल्या पर्यायांनी फाइल सिस्टीम माउंट करून मिळेल ते दुसऱ्या डिस्कवर काढून घ्यावे. कॉपी करताना त्रुटी आलेल्या फाइलींची यादी ठेवावी, कारण यादीत नसलेल्या फाइली पूर्ण आहेत असे पुढे ठामपणे सांगता येते.

माउंट होत नसेल तर गेलेला तुकडा पहिला आहे का ते पाहावे. ईएक्सटी४च्या सुपरब्लॉकच्या (फाइल सिस्टीमची मूळ माहिती असलेल्या ब्लॉकच्या) राखीव प्रती असतात. ४ केबीच्या ब्लॉकसाठी पहिली ३२७६८ व्या ब्लॉकवर. तीही गेलेल्या भागात असेल तर पुढच्या प्रती आहेत. काहीच जुळले नाही तर फोटोरेक हे साधन फाइली त्यांच्या आतील खुणांवरून शोधते. त्यात नावे आणि फोल्डर मिळत नाहीत, पण कुटुंबाची छायाचित्रे हवी असणाऱ्याला नावांचे दुःख नसते.

१०. फाइल सिस्टीम दुरुस्त करणारी ‘एफएससीके’ चालवू का?

प्रत नसेल तर नाही. ‘ईटूएफएससीके’ आणि ‘एक्सएफएस रिपेअर’ यांचे काम फाइल सिस्टीम सुसंगत करणे हे आहे; त्यासाठी न जुळणाऱ्या नोंदी टाकून द्याव्या लागल्या तर ती टाकून देतात. मधला तुकडा नसलेल्या व्हॉल्यूमवर असे न जुळणारे पुष्कळ असते. आधी ‘एन’ पर्यायाने नुसते निदान वाचावे, मिळतील त्या फाइली काढाव्यात आणि मग प्रतीच्या प्रतीवर दुरुस्ती करावी. एक्सएफएसचा मोठ्या लिपीतला ‘एल’ पर्याय लॉग शून्य करतो, म्हणून तो अगदी शेवटी.

११. ‘व्हीजीरिड्यूस’ला ‘रिमूव्हमिसिंग’ देऊन ग्रुप सुरळीत करावा असा सल्ला मिळाला. तो योग्य आहे का?

हरवलेल्या डिस्कवर कोणत्याही व्हॉल्यूमचा भाग नसेल तर योग्य आहे. असेल तर कमांड नकार देते, आणि लोक नेमके तेव्हा ‘फोर्स’ जोडतात. त्याने अपुरे व्हॉल्यूम ग्रुपमधून काढून टाकले जातात, त्यांचा शाबूत भागही त्यांच्यासोबत. हे घडून गेले असेल तर घाबरून नवीन काही तयार करू नये. नुसता नकाशा बदललेला असतो, आणि आर्काइव्हमधली आधीची नोंद प्रश्न ७ प्रमाणे परत आणता येते.

याचीच एक उलटी अडचण आहे. डिस्क केबलमुळे गेली होती, आता दिसते, तरीही ‘पीव्हीएस’मध्ये तिच्यापुढे हरवल्याची ‘एम’ ही खूण आहे. डिस्क नसताना ग्रुपचा मेटाडेटा बदलला की ही खूण चिकटून राहते. डिस्कवरचा डेटा ताजा असल्याची खात्री असेल तर ‘व्हीजीएक्स्टेंड’चा ‘रिस्टोअरमिसिंग’ पर्याय ती काढतो.

१२. आमचा व्हॉल्यूम रेड १ प्रकारचा आहे. त्याला काय करावे लागते?

नवी डिस्क ग्रुपमध्ये घालून ‘एलव्हीकन्व्हर्ट’ला ‘रिपेअर’ द्यावे आणि प्रत पूर्ण झाल्यावरच हरवलेली डिस्क ग्रुपमधून काढावी. रेड ५ एका डिस्कचे आणि रेड ६ दोन डिस्कचे नुकसान सोसते.

१३. चुकून ‘एलव्हीरिमूव्ह’ झाले. डिस्क चांगली आहे. व्हॉल्यूम परत येईल?

सहसा येतो, जर त्यानंतर त्या जागेवर काही लिहिले नसेल. काढण्यापूर्वीची नोंद आर्काइव्हमध्ये असते; ती ‘व्हीजीसीएफजीरिस्टोर’ने आणून व्हॉल्यूम सुरू करावा. अपवाद एसएसडीचा आहे. एलव्हीएमच्या मांडणीत ‘इश्यू डिस्कार्ड्स’ मुळात बंद असते, पण कोणी ते सुरू केले असेल तर जागा मोकळी होताच एसएसडीला पुसण्याची सूचना जाते, आणि नोंद परत आली तरी वाचताना शून्येच मिळण्याची शक्यता मोठी असते.

१४. थिन पूलसाठीही (जागा आधी न देता लागेल तशी देणाऱ्या साठ्यासाठीही) हेच सगळे लागू आहे का?

नाही, आणि या एका प्रश्नात घाईने सर्वाधिक नुकसान होते. थिन व्हॉल्यूमचा कोणता ब्लॉक कोठे आहे याचा हिशेब पूलच्या स्वतःच्या, वेगळ्या मेटाडेटा व्हॉल्यूममध्ये असतो. ग्रुपची नोंद परत आणल्याने तो हिशेब परत येत नाही. उलट जुनी नोंद आणि ताजा हिशेब यांचे व्यवहार-क्रमांक जुळेनासे होतात. म्हणूनच ग्रुपमध्ये थिन पूल असेल तर ‘व्हीजीसीएफजीरिस्टोर’ ‘फोर्स’ मागते. पूल बंद ठेवून त्याच्या मेटाडेटाची प्रत काढावी, ‘थिन चेक’ने तपासावी, ‘थिन रिपेअर’ने वेगळ्या जागी दुरुस्त करावी. ‘एलव्हीकन्व्हर्ट’चे ‘रिपेअर’ हेच काम राखीव जागेचा वापर करून करते. मेटाडेटा असलेली डिस्कच गेली असेल तर डेटाचे ब्लॉक शाबूत असूनही ते कोणाचे हे सांगणारे कोणी उरत नाही.

१५. डिस्क लक्सने कूटबद्ध आहे. क्रम बदलतो का?

प्रत काढण्याचा क्रम बदलत नाही, कुलूपबंद डिस्कही तशीच उतरते. फिजिकल व्हॉल्यूम लक्सच्या आत असेल तर आधी कुलूप उघडावे, मगच एलव्हीएम दिसते. लॉजिकल व्हॉल्यूमवर लक्स असेल तर उलटे. लक्सचा शीर्षभाग वाचता येत नसेल आणि त्याचा बॅकअप नसेल तर पासवर्ड पाठ असूनही उपयोग नाही, कारण खरी किल्ली त्या शीर्षभागात असते.

१६. कॅशसाठी लावलेली एसएसडी गेली, मोठी डिस्क ठीक आहे. मग काळजीचे कारण नाही ना?

कॅश ‘राइटथ्रू’ (प्रत्येक लेखन मोठ्या डिस्कवरही लगेच करणारी) असेल तर नाही. ‘एलव्हीकन्व्हर्ट’ने ‘अनकॅश’ करावे. ‘राइटबॅक’ असेल तर ताजे लेखन एसएसडीवरच राहिलेले असू शकते. अशा वेळी ‘अनकॅश’ करण्याआधी एसएसडी वाचते का ते पाहावे आणि तिची प्रश्न ५ प्रमाणे प्रत काढावी.

१७. नवीन मशीनवर डिस्क जोडली, ती दिसते, पण ग्रुप दिसत नाही. मेटाडेटा गेला का?

बऱ्याचदा नाही. रेड हॅट एंटरप्राइज लिनक्स ९ सारख्या प्रणालींत एलव्हीएम फक्त ‘सिस्टम डॉट डिव्हाइसेस’ या यादीतल्या डिस्क पाहते. ‘व्हीजीइम्पोर्टडिव्हाइसेस’ने ग्रुप यादीत घालावा. डिस्क सिनॉलॉजीसारख्या नेटवर्क पेटीतून आली असेल तर एलव्हीएमच्या खाली एमडी रेडचा (लिनक्सच्या सॉफ्टवेअर रेडचा) आणखी एक थर असतो आणि तो आधी जुळवावा लागतो. या दोन्ही शक्यता तपासण्यापूर्वी ‘पीव्हीक्रिएट’ला हात लावू नये.

१८. डिस्क प्रयोगशाळेत कधी पाठवावी, आणि पाठवताना काय द्यावे?

आवाज येत असेल, डिस्क फिरत नसेल किंवा ‘डीडीरेस्क्यू’ सुरू होताच डिस्क गायब होत असेल तर घरी आणखी काही करू नये. फ्रीजरमध्ये ठेवण्याचा उपाय करू नये. बाहेर काढताच आत दव धरते. सारखी दिसणारी दुसरी सर्किट पाटी लावणेही व्यर्थ असते, कारण आजच्या डिस्कमध्ये त्या डिस्कपुरती माहिती पाटीवरच्या चिपमध्ये असते.

पाठवताना ग्रुपमधल्या सर्व डिस्क किंवा त्यांच्या पूर्ण प्रती पाठवाव्यात, एकटी बिघडलेली नाही. सोबत ‘/इटीसी/एलव्हीएम’ फोल्डर किंवा प्रश्न ८ प्रमाणे काढलेला मेटाडेटा, कोणती डिस्क कोणत्या युयुआयडीची हे सांगणारी चिठ्ठी, आणि बिघाडानंतर आपण चालवलेल्या कमांडांची खरी यादी द्यावी. चुकून चालवलेली कमांडही त्या यादीत लिहावी. काम करणाऱ्याला सर्वांत आधी तीच हवी असते.